वाक्‌ध्वनिबोध आणि मेंदूतील प्रेरक क्षेत्रे

ऐकलेले वर्ण ओळखताना ते उच्चारणारी मेंदूतील यंत्रणाही सहभागी होते काय, हा भाषाविज्ञान व तंत्रिकाविज्ञान यांच्या सीमेवरील एक वादग्रस्त प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकाचा कल नकाराकडे होता. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रॉका यांनी १८६१ मध्ये वर्णिलेल्या रुग्णास ‘तान’ याखेरीज जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे. दुसऱ्याचे बोलणे मात्र बरेचसे समजे. मरणोत्तर तपासणीत त्याच्या डाव्या ललाटखंडात विकृती आढळली. कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये आकलनाचा संबंध शंखखंडाशी जोडला आणि बोलणे पुढे, समजणे मागे, अशी वाटणी रूढ झाली.

तिला धक्का बसला तो अनपेक्षित दिशेने. अंधांसाठी वाचनयंत्र बनविताना अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत असे आढळले, की प्रत्येक अक्षरास स्वतंत्र ध्वनी नेमून दिल्यास तो ध्वनिक्रम बोलण्याच्या वेगाने उमगत नाही. मग बोलणे कसे उमगते? फ्रँक्लिन कूपर यांच्या यंत्रावर रंगविलेल्या ध्वनिचित्रांचा ध्वनी करता येई. त्याच्या साहाय्याने ॲल्व्हिन लीबरमन (१९१७–२०००) व सहकाऱ्यांनी दाखविले, की ‘डी’च्या आरंभी दुसरा अनुनादपट्टा सु. २,२०० हर्ट्‌झपासून २,६०० पर्यंत चढतो, तर ‘डू’च्या आरंभी तो सु. १,२०० पासून ७०० पर्यंत उतरतो. तरीही कानास ‘ड’ एकच. समान असते ती जिभेची हालचाल. म्हणून श्रोता वक्त्याची उच्चारणक्रियाच ओळखतो, असा प्रेरक सिद्धांत पुढे आला (१९६७, सुधारित १९८५). वर्णांची स्थान-प्रयत्नानुसार मांडणी करणाऱ्या आपल्या प्राचीन शिक्षाकारांस यात फारसे नवल वाटले नसते. अर्थात त्यांचा विषय उच्चारण हा होता.

पॅट्रिशिया कूल व जेम्स मिलर यांच्या प्रयोगात (१९७५) चिंचिला या कृंतक प्राण्यानेही ‘ड’ व ‘ट’ यांतील सीमा जवळजवळ माणसाप्रमाणेच आखली, तेव्हा सिद्धांत डळमळला. १९९२ मध्ये पार्मा येथे माकडांत आरसा-तंत्रिका आढळल्याने त्याला पुन्हा बळ मिळाले. २००९ मधील एका इटालियन प्रयोगात गोंगाटात मिसळलेले वर्ण ऐकवून प्रेरक बाह्यकाचे चुंबकीय उद्दीपन केले असता, ओठांच्या क्षेत्राच्या उद्दीपनाने ओष्ठ्य वर्ण व जिभेच्या क्षेत्राच्या उद्दीपनाने दंत्य वर्ण अधिक लवकर ओळखले गेले. हा पुरावा साहाय्याचा आहे, अपरिहार्यतेचा नव्हे. ब्रॉकाक्षेत्रास इजा झालेले अनेक रुग्ण वर्णभेद चांगल्या प्रकारे ओळखतात. ग्रेगरी हिकॉक व डेव्हिड पोपेल यांच्या प्रतिमानात (२००७) दोन मार्ग मानले आहेत : अर्थाकडे जाणारा शंखखंडातील मार्ग दोन्ही गोलार्धांत, तर उच्चारणाकडे जाणारा मुख्यतः डाव्या गोलार्धात.