पोथीचे वस्तुरूप आणि संहिता

पाठचिकित्सा पोथीकडे बहुधा केवळ साधन म्हणून पाहते. पाठ हाती आला की कागद, शाई आणि वेष्टन विस्मरणात जातात. महानुभावांच्या ग्रंथांचा इतिहास मात्र ही विभागणी मान्य करीत नाही.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. त्याच्या पाठभेदांचे एक मूळ येथे आहे. ग्रंथ एकदा गमावलेल्या या पंथाने पुढे पोथी जिवापाड जपली, पूज्य मानली आणि सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून परक्या नजरेपासून झाकली.

या प्रेमाची परिणती दुहेरी झाली. पोथ्या टिकल्या, पण मराठीतील हे आद्य गद्य वाङ्मयेतिहासाला दीर्घकाळ अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. पुढे बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुद्रणाने पाठ सर्वांचा झाला. परंतु तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून आपणास राखावे, ही जुन्या पोथ्यांच्या अखेरीस आढळणारी विनवणी पाठाची नसून वस्तूची आहे. तेव्हा ग्रंथप्रेम ही समीक्षेबाहेरची भावुकता ठरत नाही. कोणता पाठ उरला आणि तो कोणापासून दूर राहिला, याचे ते एक ऐतिहासिक कारण आहे.