सुई कोणाच्या हातात? टेस्टोस्टेरॉनचा इतिहास आणि आपली चळवळ

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत. १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच ते बसवले गेले. दरवर्षी जयंतीला आम्ही तिथे जमतो, समतेच्या घोषणा देतो. मागच्या जयंतीला आमचा एक साथी आलाच नाही. तो ट्रान्स पुरुष आहे. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली, पण तो पुरुष म्हणून जगतो. फोन केला तर म्हणाला, "इंजेक्शन घेऊन चौथा आठवडा चाललाय. अंगात त्राण नाही, कुणी बोललं तरी चिडचिड होते." आम्ही "आराम कर" म्हणालो आणि मिरवणुकीत निघून गेलो.

नंतर आमची आम्हालाच लाज वाटली. चौथ्या आठवड्याचा आणि अंगातल्या त्राणाचा संबंध काय, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. म्हणून वाचायला बसलो. जे हाती लागले ते इथे मांडत आहोत. "हा ज्याच्या त्याच्या शरीराचा खाजगी मामला आहे, चळवळीचा काय संबंध?" असे विचारणाऱ्यांनी तर हा लेख शेवटपर्यंत वाचावाच.

म्हाताऱ्यांच्या तारुण्यापासून सुरुवात

१८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या शास्त्रज्ञाने कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचे जाहीर केले. तो भ्रम होता, कारण त्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन जवळपास नव्हतेच. १९३१ मध्ये जर्मनीत बुटेनांट यांनी पोलिसांचे हजारो लिटर मूत्र गोळा करून त्यातून अँड्रोस्टेरॉन नावाचे दुसरे एक पुरुषी हार्मोन जेमतेम १५ मिलिग्रॅम मिळवले. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅमला लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना जाहीर झाले.

ज्याला 'पुरुषत्व' म्हणून धर्मग्रंथांनी डोक्यावर घेतले, त्याचा एक मोठा भाग बाटलीत भरता येणारा पदार्थ निघाला! जन्मावरून माणसाची जागा कायमची ठरते, या मनुवादी कल्पनेला हा विज्ञानाचा तडाखा होता.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात काय चालले होते? र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत होते. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू कोर्टात कोणी मांडली? बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकरांनी! लैंगिक विषयावर लिहिलेले सगळे अश्लील नसते, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, पण भूमिका हरली नाही. शरीराविषयीचे ज्ञान लपवून ठेवणे हीसुद्धा गुलामगिरीच आहे. त्यामुळे या विषयावर बोलताना आम्ही चळवळीबाहेरचे काही बोलत नाही.

जीवक: आपल्या धम्माशी जोडलेला माणूस

१९३९ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात मायकल डिलन यांना एका डॉक्टरने टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या. पुरुष होण्यासाठी हे औषध घेणारी ज्ञात इतिहासातली ही पहिली व्यक्ती मानली जाते. पुढे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, ते स्वतः डॉक्टर झाले. १९४६ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचे गुपित फोडले तेव्हा ते सगळे सोडून भारतात आले.

ते कालिम्पाँगला संघरक्षितांकडे गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी नागपुरात शोकाकुल धम्मबांधवांसमोर उभे राहिलेले हेच ते संघरक्षित. बुद्धांच्या वैद्याचे 'जीवक' हे नाव डिलन यांना मिळाले. सारनाथला ते श्रामणेर झाले, पण भिक्खू होता आले नाही. अशा व्यक्तींना उपसंपदा नाही, असा विनयाचा जुना नियम आड आला आणि विश्वासाने सांगितलेले गुपित संघरक्षितांनीच सारनाथला कळवले. जीवक लडाखच्या रिझोंग विहारात राहिले आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारले.

हा इतिहास कडू आहे, तरी सांगायलाच हवा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी परंपरेतली प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासली. मग माणसाला दारात अडवणारा नियम आपण का डोक्यावर घ्यायचा?

एकच औषध, वेगवेगळ्या सुया

आता आमच्या साथीच्या चौथ्या आठवड्याकडे येऊ. साधे टेस्टोस्टेरॉन तोंडावाटे घेतले तर यकृत ते बहुतेक नष्ट करते. ज्या बदललेल्या रूपातल्या गोळ्या पूर्वी चालायच्या, त्यांनी यकृतालाच इजा होण्याचा धोका असे. म्हणून शास्त्रज्ञांनी त्या रेणूला आम्लाची शेपटी जोडून तो तेलात विरघळवला. स्नायूत टोचलेले हे तेल हळूहळू औषध सोडते. शेपटी जितकी लांब, तितके औषध सावकाश सुटते. प्रोपिओनेट दोन-तीन दिवसांनी परत टोचावे लागे. १९५० च्या दशकात एनॅन्थेट आले, ते आठवडे टिकू लागले.

पण टिकणे वेगळे आणि पातळी स्थिर राहणे वेगळे. २५० मिलिग्रॅम एनॅन्थेट एकदम टोचले की पहिल्या काही दिवसांत रक्तातली पातळी उंच जाते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खाली घसरते. आधी जोर, मग थकवा आणि चिडचिड. आमच्या साथीला जे होत होते ते आळस किंवा 'नखरे' नव्हते, ते औषधाचे गणित होते.

या गणितावर उपाय आहेत. तोच डोस विभागून दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी घेतला तर चढउतार कमी होतो. छोटा डोस बारीक सुईने कातडीखालच्या चरबीत घेता येतो. २०१७ मध्ये अमेरिकेत ६३ ट्रान्स पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या पद्धतीने पातळी नीट राहिली, आणि स्नायूतली सुई सोडून इकडे आलेल्या २२ जणांपैकी एकालाही मागे जायचे नव्हते. २००० नंतर अनडेकॅनोएट आले. एका वेळी १००० मिलिग्रॅम, दुसरा डोस सहा आठवड्यांनी आणि मग साधारण तीन महिन्यांनी एकदा. ते तेल ४ मिलिलिटर असते, कमरेच्या स्नायूत अगदी सावकाश टोचावे लागते आणि नंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते. रोज कातडीवर चोळायचे जेलही आहे, पण ते बायकोच्या किंवा लेकराच्या अंगाला लागू नये ही काळजी घ्यावी लागते.

पद्धत कोणतीही असो, तपासणी चुकवता येत नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एक-दोनदा. एनॅन्थेट घेणाऱ्याचे रक्त दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर तपासतात. तेव्हा पातळी ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असावी, असे २०१७ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. सोबत रक्त दाट होत नाही ना, हेही पाहावे लागते. मनाने डोस वाढवणे धोक्याचे आहे. आणि हे औषध म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

हा प्रश्न जातीचा आणि वर्गाचाही आहे

अमेरिकेत पुन्हा पुन्हा वापरता येणारी कुपी मिळते, त्यामुळे आठवड्याचा छोटा डोस काढणे सोपे जाते. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहसा काचेची ॲम्प्यूल मिळते. एकदा फोडली की उरलेले औषध ठेवता येत नाही. मग ज्याच्या खिशात महिन्याला एकाच ॲम्प्यूलचे पैसे आहेत, तो चार आठवडे ओढतो. तपासणी राहते, एंडोक्रायनॉलॉजिस्टची फी परवडत नाही, वस्तीतला कंपाउंडर सुई टोचतो आणि नाव बदलायला लावणारे प्रश्न विचारतो. पैसेवाल्याला स्थिर पातळी आणि वस्तीतल्या पोराला चढउतार! ही विषमता निसर्गाने केलेली नाही.

२०१४ च्या नालसा निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ ने हार्मोन उपचारांची सोय सरकारवर टाकली. पण कागदावरचा हक्क म्हणजे अंगात आलेले त्राण नव्हे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा राखून ठेवल्या तेव्हा नुसती सदिच्छा व्यक्त केली नव्हती, हुकूम काढला होता. त्यांच्या कोल्हापुरात आमची मागणी तशीच ठोस आहे: जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी हार्मोन ओपीडी, मोफत रक्ततपासणी, लहान मात्रेत औषध, आणि रुग्णाला त्याने सांगितलेल्या नावाने हाक.

आणि एक मागणी स्वतःकडे. पुढच्या जयंतीला कुणी साथी दिसला नाही, तर "आराम कर" म्हणून फोन ठेवायचा नाही. "शेवटची तपासणी कधी झाली? उद्या दवाखान्यात सोबत येऊ का?" असे विचारायचे. आपल्या साथीचे शरीर समजून घेणे हीसुद्धा चळवळच आहे.

जय भीम!