वॉशिंग्टन यांचा घसा आणि तीन डॉक्टर

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १२ डिसेंबर १७९९ रोजी बर्फ आणि पाऊस अंगावर घेत आपल्या माउंट व्हर्ननच्या शेतांवर घोड्यावरून फिरले. दुसऱ्या दिवशी घसा दुखू लागला, तरीही तोडायच्या झाडांवर खुणा करायला ते बाहेर पडलेच. १४ तारखेच्या रात्री त्यांचे प्राण गेले.

त्या दिवसाची हकीकत त्यांचे सचिव टोबायस लिअर यांनी लिहून ठेवली आहे. पहाटे श्वास घेणे जड झाले, तेव्हा डॉक्टर येण्याआधीच वॉशिंग्टन यांनी शेतावरच्या मुकादमाला आपल्या हाताची शीर उघडायला लावली. पत्नी मार्था 'फार रक्त काढू नका' म्हणून विनवत होत्या. ते स्वतः मात्र आणखी काढा म्हणत होते. रक्तमोक्षणावरची ही श्रद्धा त्या काळी डॉक्टरांइतकीच रुग्णांचीही होती.

डॉ. जेम्स क्रेक यांना शंका आली ती क्विन्सीची, म्हणजे टॉन्सिलच्या बाजूला पू साचण्याची. या गळवावरचा खरा उपाय म्हणजे पुवाला वाट करून देणे. घशातली शस्त्रक्रिया काही अपूर्वाई नव्हती. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यांनी टॉन्सिल बोटाने सोडवून अथवा आकड्याने धरून कापण्याची रीत सांगितली होती. येथे मात्र नश्तर चालले ते हातावर. सूज म्हणजे रक्ताचा प्रकोप, तेव्हा रक्त कमी करा, असे ते शास्त्र. मानेवर फोड आणणारा लेप, पाऱ्याचे औषध, ओकारीचे औषध हेही झाले. दिवसभरात चार वेळा मिळून सुमारे अडीच लिटर रक्त काढले गेले. दुपारी शेवटच्या वेळी ते दाट होऊन संथ वाहत होते, अशी लिअर यांची नोंद आहे.

तिघांत तरुण असलेले ३७ वर्षांचे डॉ. एलिशा डिक यांचा आणखी रक्त काढण्यास विरोध होता. घशाच्या खाली श्वासनलिकेला छेद देऊन हवेला मार्ग करावा, असे त्यांनी सुचवले. ज्येष्ठांनी ते मानले नाही. आजचे बहुतेक अभ्यासक क्विन्सीऐवजी श्वासनलिकेच्या तोंडावरील झाकणाची, म्हणजे एपिग्लॉटिसची, सूज हे कारण मानतात. तसे असेल तर डिक यांचा उपाय अधिकच नेमका ठरतो. अर्थात त्या काळी तो अत्यंत धोक्याचा होता.

काही आठवड्यांतच तिसरे डॉक्टर गुस्टाव्हस ब्राउन यांनी क्रेक यांना पत्र लिहिले. डिक यांचे ऐकून पुढचे रक्त काढले नसते, तर आपला मित्र कदाचित आज जिवंत असता, असे त्यात आहे. आपण त्या वेळच्या उत्तम समजुतीनुसार वागलो, असेही त्यांनी लगेच पुढे लिहिले.