दुःख कुठून येतं?

चारकोपच्या कुठल्याही सेक्टरात कुणाचा जवान पोर गेला, कुणाची नोकरी सुटली, की "भोग आहेत, भोगायचे" असं सांगणारा एकजण तरी येतोच. परका असेल तर एकवेळ समजू. पण आपलीच माणसं बुद्धाच्या तसबिरीखाली बसून मागच्या जन्माचा हिशेब मांडतात. वर आपल्यालाच विचारतात, बुद्धानेच सांगितलंय ना, सगळं दुःखच आहे म्हणून?

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला. त्याच्या प्रस्तावनेतच ते सवाल टाकतात. सिद्धार्थाने घर का सोडलं? परंपरा म्हणते म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसलं म्हणून. बाबासाहेब विचारतात, 29 वर्षांच्या माणसाने तोवर यातलं काहीच पाहिलं नव्हतं? जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख, तर माणसाला आशा कसली? ही चार आर्यसत्यं मुळातली, की भिक्खूंनी मागाहून घातलेली?

आणि मग ते रोहिणी नदीची हकीकत सांगतात. शाक्य आणि कोलिय यांच्या मधून ती वाहायची. पाणी आधी कुणाच्या शेताला, यावरून मारामारी झाली. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थ विरोधात उभा राहिला, मतांत हरला आणि परिव्राजक झाला.

बाबासाहेबांनी दुःख नाकारलेलं नाही. धम्माचा पायाच तो. पण म्हातारपणाला आरोपी नसतो, पाण्याच्या वाटणीला असतो. आपल्या चारकोपचंच घ्या. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे प्लॉट पाडले. पाणी, गटार, रस्ता सरकारचा, घर ज्याचं त्याने बांधायचं. कुणाला केवढा तुकडा, हे उत्पन्नाच्या गटावर ठरलं. कचेरीत ठरलं, गेल्या जन्मी नव्हे.

इथून पूर्वेला, रेल्वे ओलांडून बोरिवलीच्या जंगलात कान्हेरी आहे. सहलीला जाणारे मूर्ती बघून परततात, पोढ्या बघत नाहीत. लेण्यालेण्याशी कातळ फोडून पावसाचं पाणी साठवलेलं आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांनी दान दिलं आणि ते ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवलं. पोढी हा शब्दही त्या लेखांतला आहे. तहान हे दुःख त्यांनी छिन्नीने सोडवलं.

महाडला तळं भरलेलं होतं. तरी आपली माणसं तहानेली होती! 1923 साली बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं, तेही कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली. त्याच दिवशी डोकी फुटली. नंतर शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं "शुद्ध" झालं. गुरं तिथं पाणी पीतच होती, त्यांचा विटाळ झाला नव्हता.

मग सवर्ण कोर्टात गेले. डिसेंबरच्या परिषदेआधी मनाईहुकूम मिळवला. अस्पृश्यांना पाणी न देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असं त्यांचं म्हणणं. खटला दहा वर्षं रखडला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: अशी अनादी रूढी त्यांना सिद्ध करता आलेली नाही.