कौल आणि कलाटणी

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राच्या मतदारांनी काँग्रेसविरुद्ध जो कौल दिला, त्याचा रोख द्वैभाषिक मुंबई राज्यावर होता, तितकाच त्या राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यावरही होता. संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व मोठे मानणाऱ्या या पुढाऱ्याला लोकांनी सूर्याजी पिसाळाच्या पंगतीस बसविले होते आणि खुद्द कराडातही ते जेमतेम मतांनी तरले. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला, प्रतापगडावरील शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू आले असता, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचंड निदर्शनांचा बंदोबस्त चव्हाणांनी ज्या संयमाने केला, तो पाहून, आणि पुढे दिल्लीदरबारी त्यांचा शब्द वजनदार ठरू लागल्यावर, त्यांच्याविषयीचा अभिप्राय हळूहळू, आणि काहीसा संकोचानेच, पालटू लागला.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र स्थापन झाला, आणि राज्याचा मंगल कलश आणल्याचे श्रेय आंदोलनातील हुतात्म्यांच्या रक्ताइतकेच, किंबहुना लोकव्यवहारात त्याहून अधिक, चव्हाणांच्या पदरी पडले. हा न्याय होता असे म्हणवत नाही. पण मागणी पुरी झाल्यावर ती करणाऱ्यांची निकड मतदारास उरत नाही, आणि समितीतील पक्षांची फाटाफूटही त्याने पाहिली होतीच. मुंबईतून लोकसभेवर गेलेले समितीचे नेते कॉम्रेड डांगे १९६२ मध्ये पराभूत झाले. विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसला मिळाल्या.