सिमँटिक वेब म्हणजे काय? इंटरनेटला शब्दांचा अर्थ कसा कळतो?

व्हॉट्सॲपवर बातमीची लिंक पाठवली की सोबत मथळा, छोटे चित्र आणि एक-दोन ओळींची माहिती आपोआप दिसते. व्हॉट्सॲपने बातमी वाचून ही माहिती तयार केलेली नसते. ‘मथळा हा, चित्र हे’ असे त्या वेबसाइटनेच पानाच्या कोडमध्ये लिहून ठेवलेले असते. संगणकाला कळेल अशा रीतीने माहितीचा अर्थ नोंदवून ठेवणे, हीच सिमँटिक वेबची मूळ कल्पना आहे.

याची गरज का पडली?

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. वेबवरची पाने माणसांनी वाचण्यासाठी होती. ‘सातारा’ म्हणजे शहर, तालुका की जिल्हा, हे आपल्याला संदर्भावरून कळते. संगणकासाठी मात्र ती नुसती अक्षरे असतात.

अर्थ कसा सांगितला जातो?

त्यासाठी दोन गोष्टी केल्या जातात.

१. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र ओळख दिली जाते. उदाहरणार्थ, विकिडेटावर मुंबईचा क्रमांक ‘क्यू११५६’ आहे. नाव कोणत्याही भाषेत लिहिले तरी क्रमांक तोच राहतो.

२. माहिती तीन भागांत लिहिली जाते : ‘मुंबई – राज्य – महाराष्ट्र’. सोबत ‘महाराष्ट्र – देश – भारत’ अशी नोंद असेल, तर मुंबई भारतात आहे हे संगणक स्वतः जुळवू शकतो. या पद्धतीला आरडीएफ म्हणतात. १९९९ मध्ये तिला वेबच्या मानक पद्धतीचा दर्जा मिळाला.

स्वप्न आणि वास्तव

बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात या वेबचे चित्र रंगवले. त्यात आईच्या उपचारांसाठी विम्यात बसणारा, जवळचा थेरपिस्ट शोधून वेळ ठरवणारे सॉफ्टवेअर होते. ते स्वप्न तसेच्या तसे उतरले नाही. प्रत्येक पानावर अर्थाच्या नोंदी करणे कष्टाचे काम आहे आणि खोट्या नोंदी करणारेही असतात.

तरी त्याचे तुकडे आज सर्रास वापरात आहेत. लिंकसोबतचे कार्ड फेसबुकने २०१० मध्ये आणलेल्या ‘ओपन ग्राफ’ पद्धतीवर चालते. २०१२ मध्ये गुगलचा ‘नॉलेज ग्राफ’ आला आणि प्रसिद्ध व्यक्तीचे नाव शोधल्यावर जन्मतारीख, जन्मस्थळ अशी माहिती चौकटीत दिसू लागली. विकिडेटाही त्याच वर्षीचा.

वेब ३.० आणि वेब३ एकच का?

नाही. सिमँटिक वेबला ‘वेब ३.०’ म्हटले जात असे. ‘वेब३’ हा शब्द गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये ब्लॉकचेनवर आधारित इंटरनेटसाठी वापरला. म्हणून ‘इंटरनेटची पुढची पिढी’ म्हणून कोणी क्रिप्टो कॉइन विकत असेल, तर त्याचा सिमँटिक वेबशी संबंध आहे असे समजू नये.

हे लक्षात ठेवा

नोंदीमुळे संगणकाला अर्थ कळतो, खरेखोटे कळत नाही. कार्डवरचा मथळा वेबसाइटचा मालक हवा तसा लिहू शकतो आणि आतली बातमी वेगळीच असू शकते. विकिडेटावर कोणालाही बदल करता येतो. तिथली चूक अनेक ठिकाणी पोहोचते, तशीच दुरुस्तीही पोहोचते. त्यामुळे कार्ड पाहून लगेच फॉरवर्ड करू नका. आधी वेबसाइटचा पत्ता तपासा आणि मूळ बातमी वाचा.