ओताई म्हणजे काय? कलिंगड आणि नारळाचं हे पेय घरी कसं करायचं?

नाशिकमध्ये मार्च सुरू झाला की रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग दिसू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी पन्हं, कोकम सरबत, ताक सुरू होतं. याच यादीत शोभेल असं एक पेय हजारो किलोमीटर दूरच्या प्रशांत महासागरातल्या बेटांवर प्यायलं जातं. त्याचं नाव ओताई.

ओताई कुठलं?

हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट यांना जोडणाऱ्या त्रिकोणातल्या बेटांना पॉलिनेशिया म्हणतात. त्यातल्या टोंगा आणि सामोआ या देशांत ओताई लोकप्रिय आहे. आज ते बहुतेक वेळा कलिंगडाचं केलं जातं. पण कलिंगड मूळचं आफ्रिकेतलं आणि अननस दक्षिण अमेरिकेतलं. ही फळं युरोपीय लोकांबरोबर तिथे पोहोचली. त्याआधी ओताईत 'वी' नावाचं आंबटगोड फळ असायचं. कोकणात आमटीत घालतात त्या अंबाड्याच्याच कुळातलं हे फळ. थोडक्यात, फळं बदलत गेली, नारळ मात्र कायम राहिला.

हा ज्यूस नाही

ओताई गाळत नाहीत. त्यात फळांचे बारीक तुकडे आणि खोबऱ्याचा कीस दाताखाली यायला हवा. म्हणून कलिंगड मिक्सरमधून काढू नका. मिक्सरमध्ये बिया फुटतात, फेस येतो आणि उरतं ते नुसतं पाणी. पावभाजीचा मॅशर किंवा स्वच्छ धुतलेले हात पुरेसे आहेत.

साहित्य (साधारण ६ ग्लास)

- कलिंगडाचा लाल गर: १ किलो
- पिकलेल्या अननसाचे बारीक तुकडे: १ वाटी
- नारळाचं दाट दूध: १ वाटी
- ओलं खोवलेलं खोबरं: अर्धी वाटी
- १ लिंबू
- साखर: चवीपुरती
- चिमूटभर मीठ

कृती

१. कलिंगड कापण्याआधी बाहेरून नीट धुवा. सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर आत जातात.

२. बिया काढून गर मोठ्या पातेल्यात चेचा. त्यात अननस आणि खोबरं घाला.

३. सोलकढीसाठी काढतो तसं नारळाचं दूध काढा. खोबरं कोमट पाण्यात वाटून पातळ कापडातून पिळा. पहिलं, दाट दूधच घ्या.

४. दूध, मीठ आणि लागेल तेवढी साखर मिसळा. कलिंगडात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं, त्यामुळे वरून पाणी जपूनच घाला.

५. तासभर फ्रिजमध्ये ठेवा. लिंबू अगदी शेवटी पिळा, कारण आंबटामुळे नारळाचं दूध फुटल्यासारखं दिसू शकतं.

काही जण नारळाऐवजी गाईचं दूध वापरतात. तसं करायचं असेल तर ताजा अननस वगळा. त्यातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडवट होते.

द्राक्षाचं चालेल का?

चालेल. निफाड-दिंडोरीची द्राक्षं बाजारात असतात तेव्हा अर्धं कलिंगड आणि अर्धी बिनबियांची द्राक्षं घेता येतील. द्राक्षं वाहत्या पाण्याखाली धुऊन, चिरून मगच चेचा. पुढे आंब्याच्या दिवसांत हापूस किंवा केशरच्या फोडीही छान लागतात.

बर्फ आणि वेळ सांभाळा

चिरलेलं फळ आणि ताजं नारळाचं दूध, दोन्ही उन्हाळ्यात झपाट्याने खराब होतात. त्यामुळे ओताई दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका आणि फ्रिजमध्ये ठेवलं तरी त्याच दिवशी संपवा. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. देवळात फोडलेला नारळ वापरणार असाल तर तो त्याच दिवशीचा असू द्या.

बर्फ पिण्याच्या पाण्याचा, घरी केलेला असावा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे. तरीही विकतचा पांढरा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे, हे नुसतं बघून कळत नाही. लहान मुलं आणि ज्येष्ठांसाठी करताना बर्फ टाळून फक्त फ्रिजमध्ये गार केलेलं ओताई द्या. मधुमेह असलेल्यांनी साखर घालू नये आणि प्रमाणही बेताचंच ठेवावं, कारण कलिंगडातली साखर रक्तात लवकर उतरते.